अर्धवट खरवडलेली तार

घरी करायच्या यंत्रांत सर्वांत कमी सामानात सर्वांत जास्त डोकं खाणारं यंत्र म्हणजे एका सेलवर फिरणारी मोटर. टॉर्चचा मोठा सेल, दोन सेफ्टी पिना, जुन्या स्पीकरमधलं चुंबक, पिना सेलला आवळून धरायला सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि रिवाइंडिंगवाल्याकडची दीड मीटर तार. सेलभोवती दहा वेढे घेऊन गुंडाळी काढायची, तिची दोन टोकं समोरासमोर बाहेर ठेवून पिनांच्या भोकांत अडकवायची, खाली चुंबक.

या तारेवर इनॅमलचा लेप असतो. तो खरवडल्याशिवाय वीज आत जात नाही. व्यवस्थित माणूस दोन्ही टोकं चहूबाजूंनी लखलखीत करतो, आणि नेमकी त्याचीच मोटर फिरत नाही. गुंडाळी एक झटका घेते, दोनदा झुलते आणि आडवी होऊन बसते.

कारण सरळ आहे. वीज वाहू लागली की गुंडाळी स्वतःच चपटं चुंबक बनते आणि खालच्या चुंबकाशी जुळवून घ्यायला वळते. जुळली की तिचं समाधान झालं. त्यापुढे सरकली तर तीच ओढ तिला मागे खेचते. म्हणजे अर्धा फेरा बळ मदत करतं, अर्धा फेरा आडवं येतं. उपाय असा, की आडव्या येणाऱ्या अर्ध्यात वीज तोडायची आणि गुंडाळीला तिच्या वेगावर पुढे जाऊ द्यायचं. म्हणून लेप अर्ध्याच बाजूचा काढायचा.

1821 मध्ये मायकेल फॅरडेने चुंबकाभोवती तार फिरवली, तेव्हा संपर्क तुटू नये म्हणून पारा वापरला होता. त्याच्या रचनेत बळाची दिशा कुठेच उलटत नव्हती. आपल्याकडे ती उलटते, त्यामुळे संपर्क तुटायलाच हवा.

आता खरी मेख. अर्धी बाजू, पण कोणती? बहुतेक जण गुंडाळी टेबलावर आडवी ठेवून वरची बाजू ब्लेडने खरवडतात. मीही तेच केलं होतं आणि संध्याकाळभर दोष सेलला दिला. अशा खरवडण्याने वीज उभ्यापासून उभ्यापर्यंत मिळते, मध्ये आडवी स्थिती येते. पहिल्या पावफेऱ्यात मिळालेला वेग दुसरा पावफेरा खाऊन टाकतो. गुंडाळी उभी धरून टोकांची वरची बाजू खरवडली, की वीज आडव्यापासून आडव्यापर्यंत मिळते आणि सगळं बळ एकाच दिशेला लागतं.

वेढे वाढवले तर? तारेचा रोध अगदी थोडा असतो; वीज अडते ती सेलच्या अंतर्गत रोधाने आणि पिनांच्या काळ्या पडलेल्या भोकांत. त्यामुळे चार वेढे वाढवल्याने प्रवाह फारसा घटत नाही, बळ वाढतं, पण वजनही वाढतं. गुंडाळी मोठी केली तर क्षेत्रफळ वाढतं, मात्र तिचा वरचा भाग चुंबकापासून लांब जातो. माझ्या मते साध्या चुंबकाला सेलच्या जाडीची गुंडाळी पुरे. याच क्षुल्लक रोधामुळे अडकून बसलेली मोटर म्हणजे जवळजवळ शॉर्ट सर्किट असतं. सेल तापतो, म्हणून ती तशी सोडायची नाही, आणि मोबाइलची बॅटरी तर जोडायचीच नाही.

मिक्सरच्या जाळीतून कधी निळसर ठिणग्या दिसतात. तिथे कार्बन ब्रश हेच काम करतात, फरक इतकाच की ते वीज नुसती तोडत नाहीत, योग्य क्षणी उलटवतात, त्यामुळे फुकट जाणारा अर्धा फेरा उरत नाही.