कुंग्सलेडेन

स्वीडनच्या उत्तरेकडील लॅपलँड प्रदेशातून आबिस्कोपासून हेमावानपर्यंत सुमारे ४४० किमी. जाणारा हा पदभ्रमणमार्ग यूरोपातील मार्गदर्शित गिरिभ्रमणाचे एक प्रमुख क्षेत्र आहे. १८८५ मध्ये स्थापन झालेल्या स्वीडिश पर्यटन संघाने विसाव्या शतकाच्या आरंभापासून त्याची आखणी केली आणि, बहुतेक टप्प्यांवर एकेका दिवसाच्या मजलेच्या अंतराने मुक्कामाच्या कुटी उभारून, रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांचा हा दुर्गम मुलूख सामान्य प्रवाशांस खुला केला. जूनअखेर ते सप्टेंबर हा येथील हंगाम. आबिस्को ते निकालुओक्ता हा सुमारे १०५ किमी.चा टप्पा, ज्यात सुमारे १,१४० मी. उंचीची चेक्चा खिंड लागते, विशेष लोकप्रिय आहे. तुकडीची चाल ठरविणे, हिमजलाचे ओढे ओलांडण्याची जागा हेरणे व पालटत्या हवामानाचा अदमास घेणे ही मार्गदर्शकाची कामे होत. या मार्गाजवळील केब्नेकाइसे या स्वीडनमधील सर्वोच्च पर्वताची पूर्वेकडील वाट हिमनदीवरून जात असल्यामुळे, तेथे परस्परांस दोराने जोडलेल्या नवख्या प्रवाशांना मार्गदर्शकाच्या सोबतीवाचून गत्यंतर नसते. चरणाऱ्या रेनडिअरांस उपद्रव न देणे आणि वाटेत कचरा न टाकणे हे येथे येणाऱ्या प्रत्येक प्रवाशाचे आद्य कर्तव्य होय.