फिट की पक्षाघात? मेंदूच्या रक्तप्रवाहाचा स्कॅन काय सांगतो

समजा, कोथरूडमधल्या एका सोसायटीत सकाळी चहाच्या वेळी आजोबांचा उजवा हात लुळा पडला आणि बोलणे अडखळू लागले. घरच्यांना वाटते, पक्षाघात. शेजारी मात्र सांगतात की आधी दोन मिनिटे त्यांचे हातपाय झटके देत होते. मग ही फिट की पक्षाघात? पुढचे उपचार याच उत्तरावर ठरतात.

गोंधळ का होतो?

फिट थांबल्यावर काही रुग्णांच्या शरीराची एक बाजू तात्पुरती लुळी पडते. १८४९ मध्ये रॉबर्ट बेंटली टॉड या डॉक्टरांनी हे वर्णन केले, म्हणून याला ‘टॉड पॅरालिसिस’ म्हणतात. ही दुर्बलता बहुधा दीड दिवसाच्या आत आपोआप जाते. पक्षाघातात मात्र बहुतेक वेळा मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झालेली असते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्यात रक्तस्रावाचा धोका असतो. साध्या सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव लगेच दिसतो, पण गुठळीचा पक्षाघात पहिल्या काही तासांत अनेकदा दिसत नाही.

परफ्यूजन स्कॅन कसा होतो?

शिरेतून आयोडीनयुक्त औषध देऊन साधारण मिनिटभर मेंदूच्या त्याच भागाची पुन्हा पुन्हा चित्रे घेतली जातात. औषध कुठे किती लवकर पोहोचले, यावरून संगणक रक्तप्रवाहाचे रंगीत नकाशे तयार करतो.

पक्षाघातात एका विशिष्ट रक्तवाहिनीच्या हद्दीतला प्रवाह घटलेला आणि उशिरा पोहोचणारा दिसतो. फिट सुरू असेल, तर मेंदूचा तो भाग जास्त काम करत असल्याने तिथला प्रवाह उलट वाढतो आणि हा भाग रक्तवाहिन्यांच्या हद्दी पाळत नाही. फिट सुरू असताना रुग्ण नुसता गप्प किंवा गोंधळलेला दिसू शकतो, तेव्हा ही खूण फार उपयोगी पडते.

मर्यादा कोणत्या?

फिट संपल्यावर प्रवाह कमी किंवा अगदी सामान्यही दिसू शकतो. खोलवरचा छोटा पक्षाघात स्कॅनमधून निसटू शकतो. शिवाय पक्षाघाताची सुरुवातच कधी कधी फिटने होते, त्यामुळे एक असले म्हणजे दुसरे नाही, असे म्हणता येत नाही. म्हणून रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी, एमआरआय, ईईजी आणि तपासणी यांच्या जोडीनेच निर्णय होतो. मूत्रपिंडाचा विकार किंवा आयोडीनच्या औषधाची ॲलर्जी असेल, तर आधी सांगावे.

घरच्यांनी काय करावे?

• रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला, ती वेळ लिहून ठेवा.
• झटके कोणत्या बाजूने सुरू झाले, मान वा डोळे कुठे वळले होते, हे पाहणाऱ्यालाच सोबत न्या. मोबाइलवर व्हिडिओ असेल तर दाखवा.
• साखर कमी झाल्यानेही अशीच लक्षणे दिसतात. मधुमेह असल्यास डॉक्टरांना सांगा.
• रक्त पातळ करणाऱ्या व फिटच्या गोळ्यांची पाकिटे बरोबर घ्या.
• कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. कुशीवर वळवा.
• १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि सीटी स्कॅन चोवीस तास होणारे रुग्णालय गाठा.

फिट असेल असे वाटले, तरी घरी थांबून वाट पाहू नका. फरक ओळखणे हे रुग्णालयाचे काम आहे. वेळेत पोहोचवणे आपले.