घोड्याच्या ढांगेचा अंदाज

घोड्याच्या ढांगेचा अंदाज म्हणजे अडथळ्याकडे धावत येणारा घोडा किती ढांगांनी आणि कोणत्या जागेवरून झेप घेईल, हे घोडेस्वाराने आधीच ओळखण्याचे कौशल्य होय. शो जंपिंग आणि इव्हेंटिंग या अश्वारोहणाच्या क्रीडाप्रकारांत हे कौशल्य मूलभूत मानले जाते.

स्वरूप आणि महत्त्व

अडथळा ओलांडताना घोडा बहुधा कँटर या चालीने येतो. ही तीन ठेक्यांची चाल असून, तीन टापांनंतर क्षणभर चारही पाय जमिनीपासून सुटलेले असतात. या एका आवर्तनात कापलेले अंतर म्हणजे एक ढांग. स्पर्धेचा मार्ग आखताना मोठ्या घोड्याची ढांग सुमारे १२ फूट (३.६६ मीटर) धरली जाते, तट्टांची ढांग यापेक्षा आखूड असते.

साधारण १ मीटर उंचीच्या अडथळ्यासाठी घोडा सुमारे ६ फुटांवरून झेप घेतो आणि पलीकडे जवळजवळ तितक्याच अंतरावर उतरतो. झेप फार जवळून घेतली तर पुढचे पाय आडव्या दांड्याला लागतात. फार दुरून घेतली तर उडी सपाट होऊन मागचे पाय लागण्याचा संभव असतो. शो जंपिंगमध्ये दांडा पडल्यास ४ दंडगुण मिळतात. इव्हेंटिंगमधील क्रॉस-कंट्री टप्प्यात मात्र बरेच अडथळे भक्कम असतात. तेथे अंदाज चुकल्यास घोडा उलटून स्वाराच्या अंगावर पडू शकतो.

अंतराचे गणित

स्पर्धेपूर्वी स्वार मार्गावरून पायी चालून अडथळ्यांमधील अंतरे मोजतात. ३ फुटांचे एक पाऊल धरल्यास चार पावलांची एक ढांग होते. दोन अडथळ्यांत ६० फुटांचे, म्हणजे २० पावलांचे, अंतर असेल तर उतरण्याची २ आणि झेपेची २ पावले वजा जाता १६ पावले उरतात. म्हणून तेथे चार ढांगा बसतात.

एकट्या अडथळ्याकडे येताना असा मोजलेला आधार नसतो. तरीही योग्य जागेपासूनची तफावत जास्तीत जास्त अर्ध्या ढांगेची, म्हणजे सुमारे ६ फुटांची असते. कारण त्याहून अधिक तफावत असल्यास एक ढांग वाढवणे किंवा कमी करणे सोपे ठरते. ही तफावत चार ढांगा आधी ओळखली, तर प्रत्येक ढांगेत दीड फुटाचाच फरक करावा लागतो. शेवटच्या ढांगेत ओळखली, तर संपूर्ण ६ फुटांचा फरक एकदम करावा लागतो आणि घोड्याचा तोल बिघडतो.

प्रशिक्षण

ही दृष्टी उपजत असते असा समज आहे; परंतु सरावाने ती बरीच विकसित होते. आरंभी जमिनीवर ठेवलेल्या दांड्यांवरून घोडा नेला जातो, त्यामुळे चूक झाली तरी धोका कमी राहतो. स्वार शेवटच्या ढांगा मोठ्याने मोजतो. पुढे दोन दांड्यांमधील तेच अंतर कधी चार, तर कधी पाच ढांगांत पार केले जाते. त्यातून ढांग लांबवणे आणि आखडणे स्वाराला व घोड्याला अवगत होते.

झेपेची जागा शोधण्याच्या नादात लगाम खेचत राहणे हा नवशिक्यांचा सर्वसाधारण दोष आहे. त्यामुळे ढांगांची लांबी सतत बदलते आणि अंदाजाला आधारच उरत नाही. म्हणून लय, वेग आणि तोल स्थिर राखणे ही अंदाजाची पूर्वअट समजली जाते. चाल एकसारखी असेल, तर स्वाराचा अंदाज थोडा चुकला तरी घोडा स्वतः सावरून घेऊ शकतो.

इतिहास

इटालियन घोडदळातील अधिकारी फेदेरिको काप्रिल्ली (१८६८–१९०७) यांनी उडीच्या वेळी पुढे झुकण्याची बैठक रूढ केली. तत्पूर्वी स्वार मागे रेलत असत. घोड्याला मान व पाठ मोकळी मिळावी आणि त्याने आपला तोल स्वतः सांभाळावा, असा काप्रिल्लींचा आग्रह होता. आधुनिक मार्गांवरील मोजून आखलेल्या अंतरांमुळे स्वाराच्या अंदाजाला अधिक महत्त्व आले. आजच्या प्रशिक्षणात घोड्याचे स्वातंत्र्य आणि स्वाराची मोजणी या दोहोंचा मेळ घातला जातो.