किलिमांजारोची ओझी

आपली सॅक आपल्या पाठीवर, शिधा घरचा, मुक्काम गुहेत नाहीतर देवळात. सह्याद्रीत वाढलेल्या ट्रेकरचा स्वस्तातल्या भटकंतीचा हिशेब इतका सरळ असतो. कळसूबाईच्या 1,646 मीटरपासून अलंग-मदनच्या कातळापर्यंत तो सगळीकडे लागू पडतो. हाच ट्रेकर टांझानियातल्या 5,895 मीटर उंच किलिमांजारोचा बेत आखायला बसतो, तेव्हा मात्र पहिल्याच ओळीला अडखळतो. राष्ट्रीय उद्यानाच्या नियमानुसार तिथे परवानाधारक वाटाड्याशिवाय वर जाता येत नाही. वाटाड्या आला की स्वयंपाकी येतो, स्वयंपाकी आला की शेगडी, पातेली आणि आठवड्याचा शिधा येतो, आणि हे सगळं वर न्यायला हमाल लागतात. एकटा माणूस निघाला तरी त्याच्यामागे पाच-सहा जणांचा ताफा उभा राहतो.

हा ताफा आजच्या पर्यटन व्यवसायाने जन्माला घातला, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात तो पर्यटनाहून कितीतरी जुना आहे. एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून, बागामोयो, पांगानी आणि मोम्बासाहून, आतल्या मुलखात जे तांडे निघत, त्यांचीच ही धाकटी पाती आहे.

त्या मुलखात बैलगाड्या आणि घोडे चालत नसत. त्सेत्से माशीच्या चाव्याने जनावरं मरत, त्यामुळे सगळा व्यापार माणसांच्या डोक्या-खांद्यांवरून चाले. जाताना अमेरिकी मांजरपाटाचे तागे, काचमण्यांच्या लांबट थैल्या आणि पितळी तारेची वेटोळी, येताना हस्तिदंत. एका हमालाचं ओझं साधारण तीस किलोचं. त्यात त्याची स्वतःची चटई, मडकं आणि हत्यार धरलेलं नसे. या कामात न्यामवेझी लोकांचा हात धरणारं कोणी नव्हतं. तांड्याच्या पुढे रंगीत वेशातला किरांगोझी, म्हणजे वाट दाखवणारा म्होरक्या. बरोबर बंदूकधारी अस्करी. मागे ओझेवाल्यांची रांग आणि स्वयंपाकी. रोजचा शिधा, ज्याला पोशो म्हणत, मापाने मोजून मिळे. माप कमी भरलं की तांडा जागचा हलत नसे. मजुरी महिन्याला साधारण पाच डॉलर, आणि त्यातली काही महिन्यांची उचल निघण्याआधीच द्यावी लागे.

या तांड्यांना भांडवल पुरवणाऱ्यांत भारतीय व्यापारी आघाडीवर होते. झांझिबारच्या सुलतानाची जकात वसूल करण्याचा मक्ता दीर्घकाळ जयराम शिवजी या कच्छी भाटिया पेढीकडे होता, तर बागामोयोच्या सेवा हाजी परू यांची ख्याती युरोपीय मोहिमांना हमाल आणि सामान पुरवणारे म्हणून होती.

महाराष्ट्राचा धागा याहून जवळचा आणि जास्त हृद्य आहे. ब्रिटिश आरमाराने गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईत उतरवली जात. त्यांतली बरीच नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशन वसाहतीत वाढली. तिथे ती लिहाय-वाचायला शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. 1866 मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन आपल्या अखेरच्या मोहिमेला निघाला, तेव्हा त्याच्याबरोबर या नाशिकच्या मुलांपैकी नऊ जण होते. त्याच्या मदतीला मागाहून आलेल्या तुकडीत जेकब वेनराइट होता, तोही शरणपूरचाच. 1873 मध्ये लिव्हिंग्स्टन वारला. त्याच्या माणसांनी त्याचा देह वाळवून, कापडात आणि सालीत गुंडाळून, दीड हजार किलोमीटरहून अधिक अंतर पायी तुडवत बागामोयोला आणला. पुढच्या एप्रिलमध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला हात लावणाऱ्यांत वेनराइट होता. तांड्यातल्या माणसाचं नाव इतिहासात उरण्याचे असे प्रसंग फार थोडे. सिदी मुबारक बॉम्बे हे दुसरं नाव. लहानपणी गुलाम म्हणून तो हिंदुस्थानात पोचला, सुटका झाल्यावर आफ्रिकेत परतला आणि बर्टन, स्पीक, स्टॅन्ली, कॅमेरन अशा एकामागून एक मोहिमांचे तांडे त्याने सांभाळले. स्पीकशी त्याचं बोलणं हिंदुस्थानीत होई.

किलिमांजारोवरच्या बर्फाची पहिली खबर युरोपला दिली योहानेस रेबमान या जर्मन मिशनऱ्याने. 11 मे 1848 रोजी त्याने ते पांढरं शिखर पाहिलं. त्याच्या वाटाड्याचं नाव ब्वाना खेरी. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ बर्फ कसा असेल, म्हणून डेसबरो कूली या लंडनच्या भूगोलतज्ज्ञाने घरबसल्या रेबमानला खोटं पाडलं. वाद मिटायला वर्षं गेली. पुढे 1864 मध्ये मोम्बासाजवळच्या राबाईत रेबमानच्या मदतीला जी तरुण मंडळी गेली, तीही मुंबई-नाशिकच्या आफ्रिकन शाळेत शिकलेली होती.

शिखर गाठायला रेबमानच्या खबरीनंतर चार दशकं लागली. फोन देर डेकेन 1862 मध्ये साधारण 4,300 मीटरपर्यंत पोचला. चार्ल्स न्यू 1871 मध्ये बर्फाच्या कडेला हात लावून परतला. लाइपझिगचा प्रकाशक हान्स मेयर 1887 मध्ये अर्ध्यातून मागे फिरला. 1888 मध्ये तर तो डोंगराजवळ जाण्याआधीच किनाऱ्यावरच्या अबुशिरीच्या उठावात पकडला गेला आणि खंडणी भरून सुटला. तिसऱ्या खेपेला त्याने ऑस्ट्रियन गिर्यारोहक लुडविग पुर्टशेलर याला बरोबर घेतलं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे शिध्याचा विचार बदलला.

आधीच्या मोहिमा बर्फापाशी पोचेपर्यंत त्यांचं अन्न संपलेलं असे. मग खाली उतरा, भरून घ्या, पुन्हा चढा, यातच अंगातलं बळ सरे. मेयरने मारांगूचा चागा राजा मारेआले याच्या मुलखात तळ ठेवला आणि जंगलाच्या वर टप्प्याटप्प्याने मुक्काम मांडले. मारांगूहून दर काही दिवसांनी हमाल ताजं अन्न आणि सरपण वर पोचवत राहिले. साधारण 4,300 मीटरवरच्या मुक्कामात पांगानीचा म्विनी अमानी नावाचा माणूस दोन आठवड्यांहून अधिक काळ गारठ्यात राहिला. सामान राखायचं, चूल पेटती ठेवायची आणि दोघे साहेब वरून परत येण्याची वाट पाहायची, हे त्याचं काम. मेयर आणि पुर्टशेलर 3 ऑक्टोबर 1889 रोजी बर्फात पायऱ्या खोदत विवराच्या काठापर्यंत गेले आणि दिवस सरल्यामुळे मागे फिरले. मुक्कामात खायला असल्यामुळेच त्यांना तीन दिवसांनी पुन्हा जाता आलं. 6 ऑक्टोबरला ते सर्वोच्च माथ्यावर उभे राहिले आणि माथ्याला कैसरचं नाव मिळालं. पहिल्या चढाईचं श्रेय मांडताना बर्फातल्या पायऱ्यांचं वर्णन भरपूर होतं. खरा निर्णायक बदल अन्नाच्या या साखळीत होता, आणि ती साखळी डोक्यावरून वाहिली गेली.

मारांगूच्या योहानी किन्याला लाउवोचं नाव याच मोहिमेशी जोडलं जातं. पहिल्या चढाईच्या शताब्दीला, 1989 मध्ये, टांझानियाने त्याचा त्या मोहिमेचा वाटाड्या म्हणून गौरव केला. त्याचं वय तेव्हा किती होतं आणि तो नेमका कुठवर गेला होता, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. तरी 1996 मध्ये तो वारला तोवर डोंगरावर राबलेल्या सगळ्या अनाम माणसांचा तो चेहरा बनला होता, आणि तो मान त्याच्याकडे गेला हे योग्यच झालं.

जर्मन अमलात उसांबारा रेल्वे 1911 मध्ये मोशीला पोचली आणि किनाऱ्यापासूनची पायपीट संपली. पहिल्या महायुद्धाआधीच मारांगूच्या वाटेवर बिस्मार्क आणि पीटर्स नावाच्या दोन झोपड्या उभ्या राहिल्या होत्या. आज त्या जागी मंदारा आणि होरोंबो आहेत, दोन्ही चागा राजांची नावं. युद्धाने मात्र तांड्यांची जुनी कला कत्तलखान्यात नेली. पूर्व आफ्रिकेतल्या लढाईत दोन्ही बाजूंनी लाखो हमाल जुंपले. उपासमार, आमांश आणि ताप यांनी ब्रिटिश बाजूचेच जवळपास एक लाख मेले. दार-एस-सलामचा गजबजलेला कारियाकू बाजार या हमाल पलटणीच्या तळाच्या जागी भरतो.

खाली सपाटीवर सफारीची दुसरी परंपरा वाढत होती. नैरोबीची न्यूलँड अँड टार्लटन ही पेढी 1904 पासून श्रीमंत शिकाऱ्यांना तंबूपासून वाटाड्यापर्यंत सगळं पुरवी. 1909 मध्ये थिओडोर रूझवेल्ट आला तेव्हा त्याच्या दिमतीला शेकडो हमाल होते. त्याने आणि त्याच्या मुलाने मिळून पाचशेहून जास्त जनावरं मारली. मग मोटारी आल्या, आणि दोन-तीन दशकांत माळरानावरचा ओझेवाला दिसेनासा झाला. सेरेंगेटी 1951 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, त्यातून मासाई गुराख्यांना बाहेर पडावं लागलं, आणि बंदुकीची जागा हळूहळू कॅमेऱ्याने घेतली. डोंगरावर मात्र मोटार चढत नाही. म्हणून तांडा तिथेच टिकला.

9 डिसेंबर 1961 च्या मध्यरात्री टांगानिका स्वतंत्र झाला तेव्हा लेफ्टनंट अलेक्झांडर न्यिरेंडाने माथ्यावर मशाल आणि झेंडा नेला. कैसरचं शिखर उहुरू झालं. 1973 मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं, 1977 मध्ये ते लोकांसाठी उघडलं. त्याच सुमाराला डोंगराच्या उतारावरचं जगणं अवघड होत चाललं होतं. चागा कुटुंबाची वाडी, म्हणजे किहांबा, केळी आणि कॉफीची. पाटांनी खेळवलेलं डोंगरी पाणी आणि 1933 पासून चाललेला कॉफीचा सहकारी संघ यांवर हा भाग एके काळी पूर्व आफ्रिकेतल्या सुखवस्तू मुलखांत गणला जाई. पिढ्यागणिक वाड्यांच्या वाटण्या होत गेल्या, कॉफीचे भाव पडले आणि घरची तरुण मुलं उद्यानाच्या फाटकापाशी कामासाठी उभी राहू लागली.

त्या फाटकापाशी वजनकाटा असतो. हमालाचं ओझं जास्तीत जास्त 20 किलो, असा उद्यानाचा नियम आहे. ताडपत्री, तंबू, टेबल, अंड्यांचे ट्रे, गॅसची टाकी आणि पाहुण्याची मोठी पिशवी एकामागून एक काट्यावर चढते आणि आकडा वहीत उतरतो. नियम चांगला असला तरी वजन एकदा झालं की पुढच्या वळणावर कमी माणसांत जास्त सामान वाटून घेण्याचे प्रकार घडत आले आहेत. मजुरीचंही तेच. 2003 मध्ये स्थापन झालेली किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट ही संस्था हमालांना फुकट गरम कपडे वापरायला देते, कंपन्या ठरलेली मजुरी आणि दिवसाला तीन जेवणं देतात का हे तपासते. अशा तपासणीची गरज का पडली, हे स्वस्त सहलीचा हिशेब मांडला की लगेच कळतं.

गेल्या काही वर्षांतले उद्यानाचे दर असे: दिवसाचं शुल्क 70 डॉलर, झोपडीतली रात्र 60 डॉलर, बचावकार्याचे एकरकमी 20 डॉलर, वर 18 टक्के कर. मारांगूच्या वाटेने सहा दिवस आणि पाच रात्री म्हटलं तर माणशी 870 डॉलरच्या आसपास रक्कम थेट सरकारी तिजोरीत जाते. त्यात कोणतीही कंपनी सूट देऊ शकत नाही. इंधन, अन्न, गाडीभाडं यांतही फारशी काटछाट होत नाही. म्हणजे दोन कंपन्यांच्या दरांत मोठी तफावत दिसली, तर ती बहुतेक वेळा वाटाड्याच्या आणि हमालाच्या मजुरीतून, त्यांच्या तंबूतून, त्यांच्या ताटातून काढलेली असते. दिवस कमी करणं हा दुसरा मोहाचा मार्ग, आणि तो धोक्याचा आहे. विरळ हवेशी शरीर जुळवून घ्यायला वेळ लागतो, आणि पाच दिवसांत घाईने चढणाऱ्यांतले पुष्कळ जण माथ्याआधीच परततात. सहावा किंवा सातवा दिवस महाग पडला तरी तो आधी पदरात पाडून घ्यावा.

बचत करायची तर जागा दुसरीकडे आहेत. नैरोबीला उतरून बसने मोशी गाठता येतं. मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ टाळला की उपकरणांवर आणि फुकट गेलेल्या दिवसांवर खर्च होत नाही. दणकट बूट आणि उबदार झोपपिशवी पुण्या-मुंबईच्या ट्रेकर मित्रांकडून उसनी मिळते. ज्यांना डोंगर आणि प्राणी दोन्ही हवे आहेत त्यांनी शेजारच्या अरूशा उद्यानातल्या 4,566 मीटरच्या मेरूचा विचार करावा. तिथे वाटेत रानरेडे आणि जिराफ भेटतात म्हणून सशस्त्र वनरक्षक बरोबर चालतो, आणि किलिमांजारोआधीचा सरावही होतो.

सपाटीवरच्या सफारीचा हिशेब तर अगदीच वेगळा चालतो. डोंगरावर माणूस वाढला की ओझी वाढतात आणि ओझ्यांबरोबर खर्च वाढतो. गाडीत माणूस वाढला की खर्च वाटला जातो. न्गोरोंगोरोच्या विवरात एक गाडी उतरवण्याचं शुल्क करासह 295 डॉलर आहे. दोघांनी गाडी केली तर ते अंगावर येतं, सहा जणांनी केली तर माणशी पन्नासच्या आत बसतं. मोशी-अरूशात अशा भागीदारीसाठी दोन दिवस थांबायची तयारी ठेवली, विवराच्या काठावरच्या सिम्बा तळासारख्या सार्वजनिक जागी तंबू ठोकला आणि सेरेंगेटीऐवजी जवळचं तारांगिरे निवडलं, की डोंगरावरच्या माणसांची पूर्ण मजुरी भरूनही हिशेब जुळतो.