आउटडोअरला जागा नसलेल्या घरांतील वातानुकूलन

स्प्लिट एसीचे बाहेरचे यंत्र (बोलीत ‘आउटडोअर’) टांगायला मोकळी भिंत, बाल्कनी किंवा परवानगी नसताना घर गार करण्याचे उपाय. मुंबईत ही अडचण अनेकदा नियमांमुळे येते. तेथे १९९५ पासून वारसा इमारतींसाठी स्वतंत्र नियमावली आहे. फोर्ट-ओव्हल परिसरातील व्हिक्टोरियन व आर्ट डेको इमारतींचा समूह २०१८ साली जागतिक वारसा यादीत गेला. अशा इमारतींच्या दर्शनी भागावर यंत्रे टांगल्यास त्यांचे रूप बिघडते. बागलाण तालुक्यात मोसम नदीकाठी वसलेल्या नामपूरच्या परिसरात अडचण येते ती जुन्या गावठाणांच्या बांधणीतून: भिंतीला भिंत लागून घरे, पुढे अरुंद गल्ली, मागे बोळ.

दीड टनाचा एसी खोलीतून सुमारे पाच किलोवॅट उष्णता उचलतो आणि कॉम्प्रेसरच्या विजेसह सहा-साडेसहा किलोवॅट बाहेर टाकतो. बंद बोळात आउटडोअर बसवला की तीच तापलेली हवा तो पुन्हा ओढतो, गॅसचा दाब चढतो, वीजबिल वाढते आणि ऐन दुपारी कॉम्प्रेसर ट्रिप होतो. समोर शेजाऱ्याची खिडकी असेल तर आपला उकाडा त्याच्या घरात जातो. तांत्रिकदृष्ट्या जमले तरी अशी जागा टाळलीच पाहिजे.

बहुतेक घरांत योग्य जागा गच्चीच. एसीसोबत येणारी तांब्याच्या नळ्यांची जोडी साधारण ३ मीटरची असते. ती वाढवताना त्या मॉडेलची लांबी व उंचीची मर्यादा पाहावी, दोन्ही नळ्यांना वेगवेगळे इन्सुलेशन चढवावे, वाढीव गॅस वजन करूनच भरावा. गॅस सोडण्यापूर्वी व्हॅक्यूम पंप लावणे आवश्यक आहे. घाईत हेच काम वगळले जाते. पत्र्याच्या छपरावर यंत्र थेट ठेवल्यास रात्रभर थरथर ऐकू येते, म्हणून लोखंडी स्टँड भिंतीच्या माथ्यावर टेकवून खाली रबर घालावे. धाब्याच्या घरात मातीच्या छताला भोक पाडू नये, पावसाळ्यात तेथूनच गळती सुरू होते. खोलीतल्या यंत्राचे पाणी काढणाऱ्या नळीला बाहेरच्या बाजूस उतार द्यावा आणि तिचे तोंड वाटेवर येऊ देऊ नये.

खिडकीतून पाइप काढलेला फिरता एसी हा शेवटचा पर्याय. एकच पाइप असलेले यंत्र खोलीतलीच हवा बाहेर ढकलते आणि तेवढी गरम हवा फटींतून आत येते.

नामपूर परिसराच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलरचा विचार आधी करावा. बाहेर ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर चांगला कूलर २६ अंशांच्या आसपास हवा देतो. मात्र त्याची पाठ खिडकीबाहेरच्या हवेकडे हवी आणि समोरची एक खिडकी उघडी. बंद खोलीत मधोमध ठेवलेला कूलर तासाभरात अंथरूण दमट करतो. पाऊस लागला की त्याचा उपयोग संपतो.