वेगमर्यादा, गृहीत (डिजिटल रस्तेनकाशांतील)

फलक नसलेल्या रस्त्यावर कायद्याने आपोआप लागू होणारी वेगमर्यादा. २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशात रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याला वेग आणि त्याचा आधार (फलक की कायदा) जोडता येतो. केंद्राच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेनुसार मोटारींची कमाल मर्यादा द्रुतगती मार्गावर ताशी १२०, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १००, नगरपालिका हद्दीत व इतर रस्त्यांवर ७० किमी. आहे, राज्ये ती कमी करू शकतात. म्हणून भंडारा जिल्ह्यात लाखनी-साकोलीवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ आणि पवनी-मोहाडीकडील गावरस्ते यांना एकच आकडा लावू नये. आधार नोंदलेला असल्यास कायदा बदलताच गृहीत आकडे एकत्र सुधारता येतात. फलकांवरचे आकडे प्रत्यक्ष पाहूनच बदलावे लागतात.