खेडे : लोकसंख्या व रस्ते

भारतातील खेड्याला बारमाही रस्ता केव्हा मिळणार, हे स्वातंत्र्यपूर्व काळापासून मुख्यतः त्याच्या लोकसंख्येवरून ठरत आले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सु. ८३ कोटी लोक सु. ६ लक्ष खेड्यांत राहत होते. त्यांतील लहान खेडी व वाड्या रस्त्यांच्या नियोजनात बहुधा अखेरच्या क्रमांकावर राहिल्या.

मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या समितीच्या शिफारशींनुसार १९२९ मध्ये पेट्रोलवरील जादा करातून केंद्रीय रस्ते निधी उभारण्यात आला. तथापि खेड्यांचा पद्धतशीर विचार प्रथम नागपूर येथील मुख्य अभियंत्यांच्या परिषदेत (१९४३) झाला. तेथील योजनेत इतर जिल्हा रस्ते व ग्रामीण रस्ते यांची प्रांतातील एकूण लांबी काढण्यासाठी खेड्यांची वर्गवारी करण्यात आली. ५०० पर्यंत वस्तीच्या खेड्यामागे १/५ मैल (सु. ०·३२ किमी.), ५०१ ते १,००० वस्तीमागे १/२ मैल, १,००१ ते २,००० वस्तीमागे १ मैल व २,००१ ते ५,००० वस्तीमागे २ मैल लांबी धरली गेली. अशा रीतीने जनगणनेतील आकडा हे रस्त्याचे माप ठरले. पुढे मुंबई योजनेत (१९६१–८१) विकसित शेतीच्या प्रदेशातील कोणतेही खेडे पक्क्या रस्त्यापासून ४ मैलांहून (सु. ६·४ किमी.) दूर असू नये, असे उद्दिष्ट ठेवण्यात आले. पाचव्या पंचवार्षिक योजनेतील किमान गरजा कार्यक्रमात (१९७४) १,५०० व त्याहून अधिक वस्तीच्या खेड्यांना प्राधान्य मिळाले.

या पद्धतीत एक मूलभूत अडचण होती. जनगणनेचे एकक महसुली गाव हे असून वाड्या-पाडे त्यातच मोजले जातात. कोकणात व सह्याद्रीच्या उतारांवर एकाच गावाच्या वाड्या एकमेकींपासून दूर, मध्ये ओढे व डोंगर अशा विखुरलेल्या असतात. गावठाणापर्यंत रस्ता पोहोचला, की कागदोपत्री सबंध गाव जोडले जाई. देशावर अंतर कमी असले, तरी काळ्या जमिनीतील गाडीवाट पावसाळ्यात चिखलाने बंद पडे. आजाऱ्यास वा अडलेल्या बाळंतिणीस झोळीतून नेण्याखेरीज अशा वेळी गत्यंतर नसे. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळातील व पुढे रोजगार हमी योजनेतील कामांतून मातीचे व खडीचे पुष्कळ रस्ते झाले. पण खर्चाचा मोठा वाटा अकुशल मजुरीसाठी राखलेला असल्याने मोऱ्या, पूल व डांबरीकरण मागे पडले. त्यामुळे अनेक रस्ते वाहतुकीस बारमाही उपयोगी ठरले नाहीत. एस.टी.ची गाडीही बहुधा फाट्यापर्यंतच येई.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने (२५ डिसेंबर २०००) महसुली गावाऐवजी वस्ती हे एकक मानले, ही महत्त्वाची सुधारणा होय. मैदानी प्रदेशात ५००, तर डोंगराळ राज्ये, आदिवासी व वाळवंटी प्रदेशांत २५० ही किमान लोकसंख्या ठरविण्यात आली. डोंगराळ भागात १·५ किमी. पायवाटेच्या अंतरातील घरांची एकत्र गणना करण्याची मुभा होती. मर्यादा मात्र कायम राहिली. तिच्या खालील वस्तीतून शाळा, दवाखाना व रोजगार यांसाठी कुटुंबे बाहेर पडतात. त्यामुळे लोकसंख्या घटते आणि रस्त्यावरचा हक्क आणखी दुबळा होतो. रस्त्याअभावी ओसरलेली वस्ती पुढे रस्त्यास अपात्र ठरावी, असे हे दुष्टचक्र आहे.

या योजनेच्या चौथ्या टप्प्यास सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. त्यात न जोडलेल्या २५,००० वस्त्यांचे उद्दिष्ट असून पात्रतेसाठी २०११ चीच जनगणना आधारभूत धरली आहे, कारण २०२१ ची जनगणना लांबणीवर पडली होती. दरम्यान वाढलेल्या वस्त्यांची दखल त्या आकड्यांत नाही. शेतमाल, शिक्षण व वैद्यकीय मदत यांची गरज वस्तीच्या आकारानुसार नाहीशी होत नाही. म्हणून लोकसंख्येबरोबरच नजीकचा दवाखाना, शाळा व बाजार यांचे अंतर आणि पावसाळ्यात वाट बंद राहण्याचा काळ हेही पात्रतेचे निकष असणे आवश्यक ठरते.